होय, ओंडका मीच थांबवला

संपादकांचा फोन आला, "ताई, करमणुकीच्या बागेत इतकी वर्षं काढलीत, काही गमतीजमती लिहा ना. दिवाळी अंक आहे, लोकांना हसू आलं पाहिजे."

लिहीन. गमती पुष्कळ आहेत. पण आधी एक गोष्ट साफ करून टाकते.

मध्यंतरी त्या बागेतल्या जुन्या लोकांचा मेळावा झाला. मला आमंत्रण नव्हतं, मी गेले. स्टेजवर आमचे जुने मॅनेजर दळवी बोलायला उभे राहिले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. म्हणाले, "आपली ओंडक्याची राइड बंद पडली ती एका बाईच्या रागापायी." लोक हसले. माझ्या शेजारचा गृहस्थही हसला. ती बाई आपल्याच शेजारी बसलीय हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

राग माझाच. तो मी कधी लपवला नाही आणि या वयात लपवणार नाही. पण राइड बंद पडली नाही, ती मी थांबवली. कशी आणि का, ते सांगायला बसलेय.

बाग उभी राहिली ऐंशीच्या दशकात, खाडीच्या कडेला. त्याआधी तिथे मिठागरं होती आणि त्यातल्या एकावर माझा बाप राबायचा. नवं शहर वसवायचं म्हणून जमिनी गेल्या, मिठागरांवर मातीचा भराव पडला. बागेच्या मालकांनी गावाला कबूल केलं की घरटी एकाला काम देऊ. आमच्या घरातून मी गेले. भाऊ तळोज्याला कारखान्यात लागला होता, बाप थकला होता आणि मी मॅट्रिक होते. खरं शिक्षण मात्र उरणच्या बाजारात झालेलं. लहानपणापासून आईबरोबर तिथे सुकी मासळी विकायला बसायचे. गिऱ्हाईक कुठपर्यंत ताणेल हे मला त्याच्या पायांवरून कळायचं. तोंडानं कितीही नाकं मुरडली तरी ज्याला घ्यायचं असतं त्याचे पाय जागचे हलत नाहीत.

दळवींनी मला पहिल्यांदा झाडू दाखवला.

"सफाईच्या बायांमध्ये जागा आहे."

"मला मशीनवर पाहिजे."

"बाईमाणूस मशीनवर? लोक काय म्हणतील?"

"लोक भिजायला आलेले असतात साहेब, त्यांना काय पडलंय? आणि तुमचा ओंडक्यावरचा माणूस कालच पळाला ना?"

तो पळाल्याचं मला गेटवरच कळलं होतं. त्याच्या आधीचाही पळाला होता. कारण साधं होतं. ओंडक्यावरच्या माणसाला दिवसभर घोटाभर पाण्यात उभं राहावं लागतं, पायाच्या बोटांमधली कातडी सोलून निघते. मिठागरावरच्या माणसाच्या पोरीला त्याचं काय कौतुक? दळवी "नाही, नाही" म्हणत होते, पण पाय हलत नव्हते. मला काम मिळालं.

आता ओंडका म्हणजे काय ते सांगते. बोर्डावर एक इंग्रजी नाव रंगवलेलं होतं, ते कुणी वाचत नसे. होड्या झाडाच्या ओंडक्यासारख्या दिसायच्या, तपकिरी, वर गाठी रंगवलेल्या, म्हणून सगळे ओंडकाच म्हणायचे. होत्या फायबरच्या. परदेशातली कुठली तरी बाग मोडली, तिथून मालकांनी ही सगळी राइड जुनी उचलून आणली होती. म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाच ती म्हातारी होती. रंग नवा होता म्हणून लोकांना कोरी वाटायची.

खाली एक तळं. तळ्यातलं पाणी पंपानं उचलून एका रुंद पन्हळीत सोडलेलं. पाणी वाहतं आणि त्याच्याबरोबर होडी वाहते. तिला इंजिन नाही, वल्हं नाही. थोडं फिरून झालं की एक उंच चढ लागतो. तिथे खालून एक साखळी होडीला पकडते आणि वर ओढून नेते. माथ्यावर एक वळण, मग सरळ उतारावरून होडी धाडकन तळ्यात. जे पाणी उडतं त्याच्यासाठी लोक तिकीट काढतात.

चढावर लोखंडाची दात्यांची पट्टी असते. होडी वर जाते तसा एक खटका या दात्यांवरून टक टक करत सरकतो. साखळी तुटलीच तर तो खटका दात्यात अडकतो आणि होडी मागे येत नाही. कारखान्यातले फिटर अशा खटक्याला कुत्रा म्हणतात. आमचा कुत्रा दिवसभर टकटकत असायचा. पाहुण्यांना त्या आवाजाची भीती वाटायची. मला तो आवाज थांबला की वाटायची.

गमतीचं म्हणाल तर माणसं. वाशीच्या नव्या सोसायटीतले एक गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत ऑफिसची बॅग घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, कमी पाणी उडेल अशी होडी कुठली?" मी म्हटलं, "ती गेटबाहेर मिळते, लाल रंगाची, एसटीच्या स्टॉपवर." त्यांनी ऑफिसात तक्रार केली. दळवींनी मला बोलावून समज दिली आणि मी खोलीबाहेर पडल्यावर ते स्वतःच हसले, ते मला ऐकू आलं. तेवढं श्रेय त्यांना देते.

तळं रिकामं करून साफ करायचो तेव्हा तळाला चपला, कंगवे, चाव्या मिळायच्या. एकदा वरच्या दातांची अख्खी कवळी मिळाली. मी ती धुऊन माझ्या खोपटात खिळ्याला टांगली. मालक काही फिरकला नाही. मग रांगेत जास्त बडबड करणाऱ्यांना मी ती दाखवायचे, "उतारावर तोंड मिटून बसा. हे बघा, यांनी ऐकलं नव्हतं."

आणि एक मोरा बंदरातला म्हातारा तांडेल, होडीवरचा मुख्य माणूस. जन्म समुद्रात गेलेला. नातवंडांचं बोट धरून आला आणि होडीत पाय टाकायच्या आधी वाकून मागे बघायला लागला.

"सुकानू कुठं हाय?"

"सुकाणू नाय, काका."

"मंग हाकतं कोन?"

"पाणी नेतं."

"आनि ते बाजूची होरी? ती एका कुशीवर चाललीय, दिसत नाय तुला?" त्यानं पलीकडच्या होडीकडे बोट केलं. "पोटात पानी हाय तिच्या. बघ नायतर बुरेल."

मला राग आला. माझ्या राइडवर येऊन मला शिकवतो? नातवंडं बसून भिजून आली, म्हातारा काठावर उभा राहिला. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी ती होडी ओढून उलटी केली. फायबरचे दोन थर असतात, मध्ये पोकळी असते. तडा गेला होता आणि पोकळीत पाणी भरलं होतं.

मी दळवींना सांगितलं, ही होडी बाहेर काढा. ते म्हणाले, "सुट्ट्यांचा सीझन आहे, एक होडी कमी म्हणजे रांग गेटपर्यंत जाईल. नंतर बघू." तेव्हा नियम असा होता की होडी काढायची किंवा राइड थांबवायची तर आधी ऑफिसात फोन करून परवानगी घ्यायची.

पुढच्याच रविवारी ती जड झालेली होडी माथ्यावरच्या वळणावर रुतून बसली. मागची होडी साखळीवर चढत होती. मी फोन उचलला.

शिपाई म्हणाला, "साहेब जेवतायत."

"त्यांना म्हणावं घास खाली ठेवा!"

"गरम आहात तुमी. जरा थांबा, विचारतो."

मी फोन धरून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर मागची होडी वर जाऊन पुढचीवर आदळली. एका माणसाचा ओठ फाटला. त्याच्या बायकोनं त्याच्या तोंडावर रुमाल दाबला आणि खाली आल्यावर मला जे बोलायचं ते बोलली. एक शब्दही तिनं चुकीचा वापरला नाही.

त्यानंतर पगारवाढीचे दिवस आले. कॅन्टीनमध्ये सगळे चहाला जमलेले असताना दळवी एकेकाला बोलावून वाढ सांगत होते. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "मला वाढ नको."

सगळ्यांचे कप थांबले. मी घासाघीस करणारी बाई म्हणून बागेत प्रसिद्ध होते, पावसाळी बुटांसाठी दोन महिने भांडले होते.

"मग काय पाहिजे?"

"ओंडका थांबवायचा हक्क. फोन नाही, विचारणं नाही. मला वाटलं की मी थांबवणार, आणि मी हो म्हणेपर्यंत कुणी चालू करायचा नाही."

दळवींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बाजारात हजार वेळा पाहिलं होतं. वस्तू फुकटात मिळतेय, हिचं मन बदलायच्या आत घेऊन टाकावी, असा तो चेहरा. "बस? एवढंच? दिला," ते म्हणाले.

"असा नाही. हात मारा."

आमच्याकडे मासळीच्या बाजारात एकदा हातावर हात मारला की सौदा झाला. मग दुसरं गिऱ्हाईक दुप्पट भाव घेऊन आलं तरी माल फिरवायचा नाही, आणि घेणाऱ्यानंही घरी जाऊन विचार बदलायचा नाही. आईनं एकदा हात मारून ठरवलेला माल पाणी लागून खराब निघाला तरी परत केला नव्हता. दळवी हसत हसत पुढे झाले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातावर टाळी दिली. त्यांच्यासाठी ती टाळी होती. माझ्यासाठी नव्हती.

पुढे बरं चाललं. तडा गेलेली होडी मी मोऱ्याला नेऊन दुरुस्त करून आणली, त्याच तांडेलाच्या ओळखीनं. म्हाताऱ्यानं मला चहा पाजला आणि "सुकानू लावलास का?" म्हणून चिडवलं. वर्षभरात मी ओंडका किती तरी वेळा थांबवला. कधी कुणाचा पदर लोंबत होता, कधी कुणी मध्येच उभं राहिलं. रांगेतले लोक ओरडायचे, मी उलट ओरडायचे. दळवी ऑफिसच्या खिडकीतून बघायचे, पण बोलायचे नाहीत.

मग पाणी फिरलं.

मला सवय होती, रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी पाण्यात बोट बुडवून जिभेवर लावायचं. मिठागरावरची पोरं चालायला लागली की हे करायला लागतात. पाणी किती मुरलंय, म्हणजे किती खारं झालंय, ते जिभेला विचारायचं. आमचे इंजिनीअर सबनीस आधी हसायचे, नंतर येता-जाता विचारायला लागले, "आज चव काय?" एका उन्हाळ्यात मी म्हटलं, "खारट." ते हसले नाहीत. आमचं पाणी बागेतल्याच बोअरचं होतं.

मी तांब्याभर पाणी घरी नेलं. बापानं चूळ भरून टाकली.

"कुठचा पानी हाय ह्या?"

"बागेतला."

"आपल्याच मिठागराचा हाय, बाय. वरशी माती टाकली म्हून मीठ जातंय कुठं?"

जमिनीखाली गाडलेलं मीठ बोअरमधून वर आलं होतं आणि माझ्या साखळीवर चढत होतं. पावसाळा सरल्यावर सबनीसांनी चढ उघडून पाहिला. साखळीच्या कड्यांना गंज चढला होता, पट्टीचे दाते झिजून बोथट झाले होते. जुनी परदेशी साखळी, बाजारात मिळणारी नव्हती. तळोज्याच्या एखाद्या कारखान्यात बनवून घ्यावी लागणार होती. मालक म्हणाले, दिवाळीची सुट्टी संपली की बघू.

मी म्हटलं, तोपर्यंत बंद ठेवा. दळवी म्हणाले, दिवाळीत ओंडका बंद म्हणजे बागच बंद. शेवटी सबनीसांनी मधला मार्ग काढला, की होडीत चारऐवजी दोनच माणसं बसवायची. वजन निम्मं, साखळीवर ताण निम्मा. मला पटलं नव्हतं, पण सबनीस खोटं बोलणारे नव्हते. मी दळवींपुढे हात केला. त्यांनी पुन्हा टाळी दिली, या वेळी हसले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मालकांचे पाहुणे आले, सहकुटुंब. सबनीस साखळीच्याच कामाला तळोज्याला गेले होते. दळवी स्वतः पाहुण्यांना घेऊन धक्क्यावर आले. चार मोठी माणसं, चांगली अंगापिंडाची. दळवींनी चौघांनाही एकाच होडीत हात देऊन बसवलं.

"दोनच," मी म्हटलं.

"आजच्या दिवस, बाई. टेन्शन देऊ नका."

"साहेब, हात मारला होता."

"अहो, तो काय मच्छीबाजार होता?" ते पाहुण्यांकडे बघून हसले आणि त्यांनीच हिरवं बटण दाबलं.

होडी निघाली. मी लाल बटणावर हात ठेवून ऐकत राहिले. होडी साखळीवर आली, कुत्रा टकटकायला लागला. टक, टक, टक. मग एक टक आलीच नाही. मग आली. मग दोन आल्या नाहीत. खटका झिजलेल्या दात्यांवरून घसरत होता आणि साखळीनं एक हिसका दिला. मी बटण दाबलं. होडी चढाच्या मध्यावर थांबली.

काही शहाणे म्हणतात, माथ्यापर्यंत जाऊ द्यायची होतीस. त्यांना सांगते, होडी जेवढी वर न्याल तेवढ्या उंचावरून ती मागे येते.

"चालू करा," दळवी म्हणाले.

"नाही."

"मी मॅनेजर आहे."

"आणि मी हो म्हटल्याशिवाय हे चालू होत नाही. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर घेतलंय मी हे तुमच्याकडून. तुम्हाला स्वस्तात वाटलं म्हणून दिलंत. आता महाग पडतंय तर परत मागता?"

त्यांनी हिरव्या बटणाकडे हात नेला. मी पॅनेलची किल्ली काढून कमरेला खोचली. त्या माणसानं मला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली. मी उलट काय बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मग दोरी घेतली, चढाच्या कडेच्या पायऱ्यांनी वर गेले, होडी खांबाला आवळून बांधली आणि पाहुण्यांना एकेक करून खाली आणलं.

संध्याकाळी माझं काम गेलं. सबनीस तळोज्याहून परतले, टॉर्च लावून चढ तपासला आणि मला म्हणाले, "कदाचित महिनाभर चाललं असतं. कदाचित पुढच्या दहा पावलांत गेलं असतं." मालकांनी विचारलं तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं आणि दुसरं गिळलं. सबनीस चांगले होते, माझ्या जिभेवर विश्वास ठेवणारे पहिले साहेब. म्हणून ते मला दळवींपेक्षा जास्त लागलं. पुढे कधीतरी मोऱ्याच्या लाँचवर भेटले, मान खाली घालून म्हणाले, "घरी दोन पोरी होत्या, सुमनताई." मी म्हटलं, "त्या होडीतही कुणाच्या तरी होत्या." त्यानंतर आम्ही बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

मालकांना नवी साखळी परवडेना. ओंडका बंद राहिला, मग मोडला, मग साखळीसकट भंगारात गेला. मला कळून मी तळोज्याला धावले तेव्हा सगळं वितळून गेलं होतं. म्हणजे मी बरोबर होते की चूक, याचा पुरावा आता जगात नाही. दळवी याच्यावरच इतकी वर्षं भाषणं ठोकतायत. "काही झालं का? काहीच झालं नाही!" बरोबर आहे. काहीच झालं नाही. त्या दिवशी काही होऊ नये यासाठीच मी तिथे उभी होते.

मी उपाशी मेले नाही. जत्रांमधून पाळणे लावले, आधी भाड्याचे, मग स्वतःचे. माझ्या पाळण्यावर आजही एकच नियम आहे. जो दांड्याजवळ उभा आहे तो थांबवेल, आणि मालकीणबाईलाही विचारणार नाही.

आता एक सांगायचं राहिलं, ज्याच्यासाठी मी त्या मेळाव्यात उठून उभी राहणार होते. पण तेवढ्यात जेवणं सुरू झाली.

त्या होडीतून मी शेवटी उतरवली ती पाहुण्यांतली एक बाई. जरीची जड साडी, उंच टाचेच्या चपला काढून हातात घेतलेल्या. पायऱ्या अरुंद, ओल्या, बाजूला आधाराला एक दोरखंड. ती माझ्या मागे आणि मी पुढे. पहिल्या पायरीपासून तिनं मला शिव्या द्यायला सुरुवात केली. "किसने नौकरी पे रखा तुमको? जाहिल औरत! कल के बाद इधर दिखना मत!" मी गप्प. मी आणि गप्प, हे बघायला माझी आई हवी होती. कारण बोलायला मी मान वळवली असती तर तिचा तोल गेला असता. तिनं माझा खांदा असा धरला होता की नखं झंपरातून आत रुतली होती. प्रत्येक पायरीला शिवी आणि प्रत्येक पायरीला पकड आणखी घट्ट.

जमिनीला पाय लागले तेव्हा कुठे तिनं हात काढला. माझ्या खांद्यावर चार नखांच्या खुणा होत्या, रक्त आलं होतं. दळवी समोरच उभे होते, त्यांनी ते पाहिलं. स्टेजवरून सांगायला विसरले, म्हणून मी सांगितलं.